पडदा उतरल्यानंतर टॉकीजचे काय होते?

तालुक्याच्या गावात पत्ता सांगताना 'जुन्या टॉकीजच्या पुढे, डाव्या हाताला' असे म्हणण्याची पद्धत अजून मोडलेली नाही. विचारणारा नवखा असेल, तर त्याला तेथे टॉकीज काही दिसत नाही. दिसते ती दुकानांची रांग, एखादे मंगल कार्यालय, सिमेंटच्या गोण्यांनी भरलेले गोदाम किंवा गंजलेले कुलूप लावलेले लोखंडी फाटक. एकपडदा चित्रपटगृहे का बंद पडली, यावर आजवर पुष्कळ लिहिले गेले. दूरचित्रवाणी, व्हिडिओ, केबल, मल्टिप्लेक्स आणि मोबाइल ही कारणे आता सर्वांना पाठ आहेत. त्यानंतरचा प्रश्न मात्र दुर्लक्षित राहिला. शेवटचा खेळ संपल्यावर त्या भल्यामोठ्या इमारतीचे काय होते? काही इमारतींना दुसरा जन्म मिळतो, काही पाडल्या जातात आणि काही वर्षानुवर्षे तशाच उभ्या राहतात, हे कशावरून ठरते?

महाड आणि पोलादपूरच्या वाचकाला हा प्रश्न दोन्हीकडून भिडतो. रायगड जिल्ह्याचे नाव कुलाबा होते त्या काळापासून या दोन तालुक्यांतील माणूस पोटासाठी मुंबईला जात आला. त्यातले अनेक जण गिरण्यांमध्ये लागले, लालबाग-परळच्या चाळींत राहिले. त्यांचे शेजारचे चित्रपटगृह म्हणजे गिरणीच्या जागेवर उभे असलेले, मराठी चित्रपटांसाठी ओळखले जाणारे 'भारतमाता'. गिरण्या गेल्या, जमिनीला सोन्याचे मोल आले आणि 'भारतमाता'च्या जागेचा वादही वर्षानुवर्षे चालला. इकडे गावी मात्र जमिनीचा भाव हा प्रश्न नाही. इकडे प्रश्न पाण्याचा आहे. तो पुढे येईलच. आधी इमारत समजून घ्यावी लागेल.

खिडकी नसलेले घर

चित्रपटगृह ही एकाच कामासाठी बांधलेली इमारत असते. शाळेचे कार्यालय करता येते, वाड्याचे लॉज करता येते, गिरणीच्या शेडमध्ये दुकाने मांडता येतात. टॉकीजचे तसे नाही. पहिली अडचण उजेडाची. अंधार हेच जिचे भांडवल, तिला खिडक्या असण्याचे कारण नाही. प्रेक्षागृहाच्या लांबच लांब भिंती कोऱ्या असतात आणि वारा आत येतो तो वरच्या झरोक्यांतून किंवा पंख्यांच्या जोरावर. दुसरी अडचण जमिनीची. मागच्याला पुढच्याचे डोके आड येऊ नये म्हणून फरशी पडद्याकडे उतरती केलेली असते. पुष्कळ ठिकाणी पडद्याजवळचा भाग रस्त्याच्या पातळीच्याही खाली जातो. अशा उतारावर टेबल ठेवता येत नाही, पंगत बसत नाही, कपाट सरळ उभे राहत नाही. ती सपाट करायची तर मुरूम-मातीचा भराव टाकून नवी कोबा जमीन करावी लागते. तो खर्च भाड्याने देणाऱ्याने करायचा की घेणाऱ्याने, यावर अनेक बोलणी अडतात.

तिसरे वैशिष्ट्य गुणही आहे आणि दोषही. प्रेक्षागृहात मधोमध खांब चालत नाही. त्यामुळे एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत लोखंडी कैच्या टाकून त्यावर सिमेंटचे पत्रे घातलेले असतात. खांब नसलेली एवढी मोठी जागा गावात दुसरीकडे मिळत नाही, म्हणून गोदामवाल्याला ती आवडते. पण त्याच कारणाने वर मजला चढवता येत नाही, कारण त्या भिंती व कैच्या छपराचेच ओझे पेलण्यासाठी केलेल्या असतात. कोकणात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. पत्र्याचा एक आकडा निसटला तरी पाणी आत शिरते. प्रथम आतले छत फुगते, मग त्याचे तुकडे खुर्च्यांवर पडतात, मग कैचीच्या सांध्यांना गंज धरतो. वापरात असलेल्या टॉकीजमध्ये दर उन्हाळ्यात पत्रे तपासणारा माणूस असे. कुलूपबंद इमारतीला तो मिळत नाही आणि दोन-तीन पावसाळ्यांत 'दुरुस्त करू' असे म्हणण्याची वेळ निघून जाते.

या साऱ्यात सर्वांत भक्कम खोली कोणती, तर प्रोजेक्टरची केबिन. तिच्या भक्कमपणामागे एक भयंकर इतिहास आहे. सुरुवातीच्या काळातील चित्रफीत नायट्रेटची असे आणि ती पेट घेई. पॅरिसमध्ये ४ मे १८९७ रोजी एका धर्मादाय बाजारातील चित्रपटाच्या खेळात आग लागून सव्वाशेहून अधिक माणसे होरपळून मेली. पुढे देशोदेशी कायदे झाले. भारतात पहिला सिनेमॅटोग्राफ कायदा १९१८ साली आला, तर महाराष्ट्रातील चित्रपटगृहांना लागू असलेले नियम १९६६ सालचे आहेत. केबिन आगीला दाद न देणाऱ्या सामग्रीची हवी, ती प्रेक्षागृहापासून तोडलेली हवी, झरोक्यांवर झडपा हव्यात, ही बंधने त्यातूनच आली. १९५० च्या सुमारास नायट्रेटची फीत बंद झाली, तरी केबिनची रचना तीच राहिली. म्हणून छप्पर कोसळलेल्या टॉकीजच्या मागच्या भिंतीवर, दोन चौकोनी डोळ्यांसारखे झरोके घेऊन, ती खोली तेवढी शाबूत उभी असलेली दिसते. आत रिळे गुंडाळण्याचे टेबल असते, क्वचित प्रोजेक्टरचा बिडाचा सांगाडाही. २००५ नंतर उपग्रहावरून चित्रपट पाठवण्याची सोय झाली, तेव्हा तालुक्याच्या टॉकीजला मुंबईबरोबर त्याच शुक्रवारी नवा चित्रपट मिळू लागला. तोवर घासलेली, तुटलेली प्रिंट फिरत फिरत येण्याची वाट पाहावी लागे. ही सोय आली खरी, पण पुष्कळांच्या बाबतीत फार उशिरा.

नाव उरले, इमारत गेली

महाराष्ट्रातील टॉकीजच्या उत्तरायुष्याचे सर्वांत बोलके उदाहरण पुण्याच्या मंडईत आहे. १९१५ साली गंगाधरपंत पाठक यांनी तेथे 'आर्यन' सुरू केले. हे पुण्यातील पहिले चित्रपटगृह मानले जाते. भाजीबाजार, वाडे आणि पेठांच्या ऐन मध्यावर असलेल्या या चित्रपटगृहात मूकपट, बोलपट आणि रंगीतपट अशा तीन युगांतील प्रेक्षक येऊन गेले. १९८३ साली ते बंद होऊन पाडले गेले आणि त्या जागी महापालिकेचे वाहनतळ आले. जवळच्या 'मिनर्व्हा'चीही तीच गत झाली. सरकारी फलकावर काहीही असो, पुणेकर आजही गाडी 'आर्यन'ला लावतो. दादासाहेब फाळके यांच्या काळाशी नाते सांगणारे नाव दुचाकीच्या पावतीपुरते उरावे, याचे वाईट वाटणाऱ्यांनी दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. मंडईसारख्या ठिकाणी वाहनतळाची गरज खरी होती आणि जागा सार्वजनिकच राहिली. ती एखाद्या खासगी इमल्याखाली गेली असती, तर नावही उरले नसते.

सातासमुद्रापार अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात हेच वेगळ्या रीतीने घडले. १९२६ साली उघडलेले तेथील भव्य 'मिशिगन थिएटर' १९७६ साली बंद पडले. पाडायचे ठरले, पण शेजारची कार्यालयाची इमारत त्याला जोडलेली होती आणि पाडकामाने तिला धोका पोहोचला असता. मग आतल्या खुर्च्या व बाल्कनी काढून तीन मजली वाहनतळ बसवण्यात आले. आज तेथे नक्षीदार छत, सोनेरी महिरपी आणि पडद्याची चौकट यांच्या खाली मोटारी उभ्या असतात. विशेष म्हणजे हेन्री फोर्ड यांनी आपली पहिली मोटार ज्या छोट्या कार्यशाळेत जुळवली, ती याच जागी होती. पुण्यात नाव राहिले आणि इमारत गेली, डेट्रॉइटमध्ये इमारत राहिली आणि काम गेले. दोन्हीकडे निर्णय कलेच्या प्रेमाने झाला नाही, शेजारच्या गरजेने झाला, हे मात्र सारखेच.

मुंबईचा एक तृतीयांश

मुंबईत ही गरज जमिनीच्या भावाच्या रूपाने येते. गिरगावातील 'मॅजेस्टिक'मध्ये १४ मार्च १९३१ रोजी 'आलम आरा' हा पहिला भारतीय बोलपट प्रदर्शित झाला. आज त्या जागी मॅजेस्टिक शॉपिंग सेंटर आहे. दादरचे 'कोहिनूर' जाऊन तेथे मॉल आला. जुहूचे 'चंदन' २०१७ मध्ये आणि दादरचे 'चित्रा' २०१९ मध्ये बंद झाले. मालकाच्या दृष्टीने हिशेब सरळ असतो. दिवसाला चार खेळ, अर्ध्याहून अधिक खुर्च्या रिकाम्या, वीज आणि कामगारांचा खर्च ठरलेला. त्याच जागेवर कार्यालये व दुकाने उभी राहिली, तर वर्षभराचे उत्पन्न एका महिन्याच्या भाड्यात निघते. शिवाय २००१ साली राज्य सरकारने मल्टिप्लेक्सला करमणूक कर पहिली तीन वर्षे पूर्ण माफ केला आणि पुढची दोन वर्षे केवळ चौथा हिस्सा घेतला. त्याच गल्लीतील जुने एकपडदा चित्रपटगृह मात्र पूर्ण कर भरत होते. स्पर्धा सुरू होण्याआधीच एका धावपटूच्या पायात बेडी घालण्यासारखाच हा प्रकार होता.

मग साऱ्याच मालकांनी इमारती पाडल्या का नाहीत? कारण मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत एक अट आहे. चित्रपटगृहाच्या जागेचा पुनर्विकास करायचा, तर नव्या इमारतीत मूळ आसनसंख्येच्या किमान एक तृतीयांश आसनांचे चित्रपटगृह ठेवावे लागते. हेतू चांगला होता. शहराने करमणुकीसाठी म्हणून परवानगी दिलेली जागा पूर्णपणे दुकानांच्या घशात जाऊ नये, एवढाच त्याचा अर्थ. ही अट काढून टाकावी, अशी मागणी चित्रपटगृहांच्या मालकांच्या संघटनेने अनेक वर्षे लावून धरली आहे. चालत नाही म्हणून जो धंदा बंद केला, तोच पुन्हा तिसऱ्या हिश्श्याने सुरू करा असे सांगणे त्यांना जाचक वाटते.

या अटीचे दोन्ही परिणाम डोळ्यांसमोर आहेत. १९३८ साली सुरू झालेले 'मेट्रो' २००६ मध्ये आतून बदलून बहुपडदा झाले आणि चालू राहिले. त्याच वर्षी सुरू झालेले चर्चगेटसमोरचे 'इरॉस' २०१७ मध्ये बंद पडले. हजारांहून अधिक प्रेक्षक मावणारे ते प्रेक्षागृह २०२४ मध्ये पुन्हा उघडले, तेव्हा त्यात सुमारे तीनशे आसनांचा एकच आधुनिक पडदा होता आणि उरलेल्या भागात दुकाने. बाहेरचा घुमटाकार दर्शनी भाग वारसा म्हणून जपला गेला. ज्यांना हे जमले नाही, ज्यांच्या मालकीत भाऊबंदकीचे दावे आहेत किंवा ज्यांची जागा भाडेपट्ट्याची आहे, त्यांची चित्रपटगृहे फाटक लावून पडून राहिली. नियमाने इमारत वाचली, पण तिला वापर दिला नाही.

जतनाचे उदाहरण म्हणून नेहमी रॉयल ऑपेरा हाउसचे नाव घेतले जाते. १९११ साली पंचम जॉर्ज यांच्या हस्ते उद्घाटन झालेले हे नाट्यगृह पुढे चित्रपटगृह झाले, १९५२ मध्ये गोंडल संस्थानच्या महाराजांकडे आले, १९९३ मध्ये बंद पडले आणि वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली दुरुस्त होऊन २०१६ मध्ये उघडले. ते पाहून आनंद होतो, पण त्यावरून धडा घेताना सावध राहावे. संस्थानिकाचे घराणे मालक, मालकीचा वाद नाही, दुरुस्तीला लागणारी कित्येक वर्षांची सवड आणि महानगरातील प्रेक्षक, हे चार योग एकत्र आल्याने ते घडले. तालुक्याच्या टॉकीजच्या पत्रिकेत त्यातला एकही नसतो.

सावित्रीकाठचे गणित

महाड हे सावित्री आणि गांधारी नद्यांच्या कुशीतले गाव. एकेकाळी हेच पाणी गावाची भाग्यरेषा होते, कारण खाडीतून माल येई. आता तेच पाणी बाजारपेठेचे भवितव्य ठरवते. जुलै २००५ मधील महापूर आणि त्याच वेळी दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते येथे कोसळलेल्या दरडी तालुक्याने पाहिल्या. २२ जुलै २०२१ रोजी पुन्हा महापूर आला. बाजारपेठेतील दुकाने बुडाली, काही भागांत पाणी पहिल्या मजल्याला टेकले. त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळली आणि पोलादपूर तालुक्यातही केवनाळे व साखर सुतारवाडी येथे माणसे दगावली.

आता आधी सांगितलेली इमारत या पाण्यात उभी करून पाहावी. उतरती फरशी, पडद्याजवळचा भाग रस्त्याच्या खाली, बाहेर पाणी जाण्यास खिडकी नाही. पूर ओसरल्यावर दुकानातला गाळ फावड्याने रस्त्यावर ओढता येतो. प्रेक्षागृहातला गाळ चढावरून वर आणावा लागतो. पडद्यामागचे ध्वनिक्षेपक, जमिनीलगतच्या वीजवाहिन्या, स्पंजाच्या खुर्च्या यांतले काहीच पुन्हा वापरता येत नाही. गोदाम केले, तर माल भिजण्याची धास्ती. मंगल कार्यालय केले, तर लग्नसराई उन्हाळ्यात आटोपते म्हणून धोका कमी, पण उतार काढण्याचा खर्च आलाच. कोकणातल्या नदीकाठच्या गावात म्हणूनच टॉकीजचा दर्शनी भाग, म्हणजे तिकीट खिडकी आणि पोस्टर लावण्याची जागा, तेवढी दुकानांना जाण्याची शक्यता अधिक. तो भाग रस्त्याच्या पातळीवर असतो. मागचे मोठे दालन अंधारात राहते.

पाडून नवे बांधावे म्हटले, तर पूररेषा आड येते. जलसंपदा विभाग नद्यांच्या दोन रेषा आखतो. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. नदी आणि निळी रेषा यांमध्ये नवे बांधकाम वर्ज्य असते आणि दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात जोत्याची उंची लाल रेषेच्या पातळीचा विचार करून ठेवावी लागते. ही बंधने योग्यच आहेत. २४ ऑगस्ट २०२० रोजी तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळून १६ जणांचा बळी गेला, त्या शहराला बांधकामाचे नियम सैल करा असे कोणी सांगू नये. मात्र त्याचा अर्थ असा, की मुंबईत ज्या आमिषाने जुनी चित्रपटगृहे पाडली जातात, ते आमिष येथे फारसे नाही. येथे इमारत पाडण्याला कारण नाही आणि राखण्याला पैसा नाही.

मुंबईची एक तृतीयांशाची अट अशा गावाला जशीच्या तशी लावली, तर उपयोग होणार नाही. मुंबईत शंभर पडद्यांपैकी एक कमी झाला तर रसिक दुसरीकडे जातो. छोट्या गावात टॉकीज बहुधा एकच असते आणि ती चित्रपटापुरती नसते. शाळेचे स्नेहसंमेलन, नाटकाचा एखादा प्रयोग, निवडणुकीची सभा, सत्कार, हे सारे पावसाळ्यात छपराखाली घ्यायचे तर गावात दुसरी जागा कोणती? म्हणून जागा राखायची ती चित्रपटगृह म्हणून नव्हे, तर लोकांना एकत्र बसता येईल असे सभागृह म्हणून. पडदा त्यात असला तर चांगलेच, नसला तरी चालेल.

जागेचे महत्त्व महाडला कोणी शिकवण्याची गरज नाही. २० मार्च १९२७ च्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर त्याच वर्षी डिसेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली दुसरी परिषद भरायची होती, तेव्हा विरोधामुळे मंडपासाठी गावात जागा मिळेना. अखेर फत्तेखान यांनी आपली खासगी जमीन दिली आणि २५ डिसेंबर रोजी मनुस्मृतीचे दहन त्या परिषदेत झाले. सभेला जागा देणारा माणूस इतिहासात नोंदला जातो, तो उगाच नव्हे.

नकाशावर काय लिहिले आहे?

व्यवहारात या इमारतीचे भवितव्य दोन कागदांवर ठरते. पहिला कागद परवान्याचा. जिल्ह्यात चित्रपटगृहाचा परवाना जिल्हाधिकारी देतात आणि त्यासाठी बांधकाम, वीज व अग्निसुरक्षेचे दाखले लागतात. दिल्लीतील 'उपहार' चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी लागलेल्या आगीत ५९ जण गुदमरून मेले, तेव्हापासून ही तपासणी कडक झाली. एकदा परवाना खंडित झाला, की जुन्या इमारतीला आजच्या कसोटीवर तो पुन्हा मिळवणे महाग पडते. त्यामुळे 'तात्पुरते बंद' हा फलक बहुधा कायमचाच ठरतो.

दुसरा कागद नगरपरिषदेच्या विकास आराखड्याचा. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यानुसार आराखडा तयार करताना आधी जमिनीच्या चालू वापराचा नकाशा काढला जातो. त्यात बंद टॉकीज 'व्यापारी' म्हणून रंगवली की 'सार्वजनिक व निमसार्वजनिक' म्हणून, यावर पुढच्या वीस वर्षांचे पर्याय अवलंबून राहतात. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यावर त्यावर ३० दिवसांत लेखी हरकती आणि सूचना देता येतात. कोणत्याही नागरिकाला तो अधिकार आहे, त्यासाठी जागेचा मालक असावे लागत नाही. नकाशा नगरपरिषदेच्या कार्यालयात पाहण्यास ठेवलेला असतो. आपली टॉकीज त्यावर शोधायची असेल, तर आधी तिच्या गटाचा किंवा सिटी सर्व्हेचा क्रमांक ठाऊक असावा लागतो, कारण नकाशावर 'जुन्या टॉकीजच्या पुढे, डाव्या हाताला' असे लिहिलेले नसते.